क्यूआर कोडची लायब्ररी लिहिताना: आधी चौकटी, चित्र शेवटी

सोलापूर जिल्ह्याचे आणि क्यूआर कोडचे नाते जुने आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना हे कोड जोडले आणि फोन धरला की मुलांना कविता ऐकू येऊ लागली, धड्याचा व्हिडिओ दिसू लागला. २०१७ मध्ये राज्य सरकारने ही कल्पना सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांसाठी उचलली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना देऊन टाकला. आज त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, पुणे-पंढरपूर रस्त्यावरच्या नातेपुत्यात किराणा दुकानात आणि चहाच्या टपरीवर गल्ल्याशेजारी तो काळा-पांढरा चौकोन दिसतो. वापरणारे भरपूर झाले. तो चौकोन आतून समजून घेऊन त्यासाठी नीट कोड लिहिणारे हात आपल्याच गावांतून तयार व्हावेत असे मला मनापासून वाटते, म्हणून हा लेख.

तुम्हाला एखादी प्रोग्रामिंग भाषा बऱ्यापैकी येते, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा गावातल्या एखाद्या दुकानदाराच्या, दिंडीच्या, डाळिंबाच्या पॅकिंग शेडच्या गरजेपोटी तुम्ही क्यूआर कोडची लायब्ररी लिहायला किंवा निवडायला बसला आहात, असे धरून चालतो. एकच गोष्ट पक्की मनात ठेवा. क्यूआर कोड ही चित्राची फाइल नाही. ती होय-नाहीची चौकोनी सारणी आहे आणि तुमच्या लायब्ररीने सांभाळायची ती सारणीच. चित्र हे त्या सारणीचे शेवटच्या पायरीवर काढलेले एक रूप. नवशिक्या लायब्ररीतले बरेचसे घोळ या दोन गोष्टी एकत्र कालवल्यामुळे होतात.

चौकटीच्या वहीवर एकदा हाताने

कीबोर्डला हात लावण्याआधी गणिताची चौकटीची वही घ्या आणि २१ बाय २१ चौकटींचा चौकोन आखा. ही क्यूआर कोडची सर्वांत लहान आवृत्ती, म्हणजे व्हर्जन १. पुढची प्रत्येक आवृत्ती चार-चार चौकटींनी वाढते: व्हर्जन २ ला २५, व्हर्जन ३ ला २९, असे करत व्हर्जन ४० ला १७७. आवृत्तीच्या आकड्याला चारने गुणून त्यात १७ मिळवले की बाजू मिळते. जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी हा कोड तयार केला. २००० मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्याचा क्रमांक आयएसओ/आयईसी १८००४.

वहीत वरचे दोन कोपरे आणि खालचा डावा कोपरा यांत फाइंडरची खूण भरा. गडद चौकटीला १ आणि फिकटला ० लिहिले तर ती अशी दिसते:

१११११११
१०००००१
१०१११०१
१०१११०१
१०१११०१
१०००००१
१११११११

मधल्या ओळीवरून आडवी नजर फिरवा: एक गडद, एक फिकट, तीन गडद, एक फिकट, एक गडद. उभी फिरवली, तिरकी फिरवली तरी मध्यातून जाताना हेच १:१:३:१:१ प्रमाण सापडते. फोनचा कॅमेरा कसाही धरला तरी कोड ओळखला जातो तो यामुळे. छापील मजकुरात हे प्रमाण क्वचितच आढळते असे पाहणी करून हारांच्या चमूने ते निवडले होते.

आता मोजणी करा, कारण ही मोजणीच तुमच्या लायब्ररीची पहिली चाचणी ठरणार आहे. व्हर्जन १ मध्ये एकूण ४४१ चौकटी. तीन खुणा त्यांच्याभोवतीच्या फिकट पट्टीसह प्रत्येकी ६४, म्हणजे १९२. त्यांना जोडणाऱ्या, एकाआड एक गडद-फिकट असलेल्या टायमिंगच्या दोन रेघा प्रत्येकी ५, म्हणजे १०. चूकदुरुस्तीची पातळी आणि मास्क (मजकुराच्या कोणत्या चौकटी उलटवायच्या ते ठरवणारा नमुना) सांगणारी १५ बिटांची माहिती दोन ठिकाणी, म्हणजे ३०. शिवाय कायम गडद राहणारी एकुलती एक चौकट. बेरीज २३३. ४४१ मधून ती वजा केली की २०८ उरतात, म्हणजे बरोबर २६ बाइट. तुमचा प्रोग्राम ठरावीक जागा राखून ठेवल्यावर रिकाम्या चौकटी मोजतो आणि २०८ सांगत नाही, तर पुढे जाऊ नका. व्हर्जन २ मध्ये २५ चौकटींची एक अलाइनमेंट खूण वाढते. तिथे ३५९ यायला हव्यात: ४४ बाइट आणि वर उरलेले ७ बिट.

वस्तूत काय ठेवायचे

तयार क्यूआर कोडच्या वस्तूत, म्हणजे ऑब्जेक्टमध्ये, मी एवढेच ठेवतो: आवृत्ती, चूकदुरुस्तीची पातळी, वापरलेला मास्क, मूळ मजकूर आणि चौकटींची सारणी. रंग नाही, आकार नाही, भोवतालची मोकळी कडही नाही. दुकानदार उद्या म्हणेल की कोड निळा हवा, परवा म्हणेल फ्लेक्सवर तीन फुटांचा हवा. त्यासाठी मजकूर पुन्हा एन्कोड करावा लागत असेल तर मांडणीच चुकली म्हणायची.

मोकळ्या कडेबद्दल लायब्ररी लिहिणाऱ्यांत एकमत नाही. मानकाप्रमाणे क्यूआर कोडभोवती चारही बाजूंनी चार चौकटींची पांढरी जागा लागते. पायथनमधली ‘क्यूआरकोड’ ही लायब्ररी सारणी मागितली की ती कडेसकट देते. त्याच भाषेतली ‘सेग्नो’ कडेशिवाय देते आणि चित्र काढताना कड विचारते. माझे मत सेग्नोच्या बाजूने आहे, कारण कड सारणीत मिसळली की शून्यावी चौकट नेमकी कुठली हे प्रत्येक वेळी आठवावे लागते. ‘नायुकी’ या नावाने लिहिणाऱ्या प्रोग्रामरच्या लायब्ररीत आणखी एक सोय आहे, ती जरूर उचला. सारणीबाहेरची चौकट विचारली तर ती चूक न दाखवता ‘फिकट’ असे उत्तर देते. त्यामुळे कडेसकट चित्र काढायचे तर उणे चारपासून मोजायला सुरुवात करायची आणि पलीकडे चार चौकटी जास्त मोजायच्या, काम झाले.

चौकटीची किंमत खरे-खोटे अशी ठेवा आणि तिच्या फंक्शनचे नाव ‘गडद आहे का’ असे ठेवा. ‘काळा’ किंवा ‘पांढरा’ नको. पडद्यावरच्या चित्रात ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा, तर क्यूआरच्या मानकात १ म्हणजे गडद. हे दोन संकेत एकमेकांच्या बरोबर उलट आहेत आणि नाव संदिग्ध असेल तर तिसऱ्या महिन्यात कुणीतरी एक उलटापालट जास्तीची करून ठेवतो. मग कोड उलट्या रंगात छापला जातो, काही फोन तो वाचतात, काही वाचत नाहीत, आणि दोष कुठे आहे ते कुणाला कळत नाही.

याहून फसवा घोळ ओळ आणि स्तंभ यांचा. सारणी आपण ‘आधी ओळ, मग स्तंभ’ अशी लिहितो, चित्राचे निर्देशांक मात्र ‘आधी आडवे अंतर, मग उभे’ असे असतात. झेब्रा क्रॉसिंग या प्रसिद्ध जावा लायब्ररीच्या ‘बिटमॅट्रिक्स’मध्ये आडवे अंतर म्हणजे स्तंभ, उभे म्हणजे ओळ आणि आरंभ वरच्या डाव्या कोपऱ्यातून, हे कागदपत्रातच ठासून सांगितले आहे. तुम्हीही सांगा. कारण अदलाबदल झाली तरी वरचा उजवा आणि खालचा डावा कोपरा एकमेकांच्या जागी जातात, तिन्ही खुणा जिथल्या तिथे दिसतात, कोड फक्त आरशात पाहिल्यासारखा होतो. बरेच स्कॅनर आरशातला कोडही वाचतात. म्हणजे तुमच्या फोनवर तो चालतो, तुम्ही निश्चिंत होता आणि गिऱ्हाइकाच्या जुन्या स्कॅनरवर तो अडतो. यावर सोपा उपाय म्हणजे सारणीचा वर्ग चौरस नसलेल्या मापावरही तपासायचा. दोन ओळी आणि तीन स्तंभांची छोटी सारणी बनवा, ओळ-स्तंभ उलटले असतील तर ती लगेच बोंब मारते.

यासाठी सारणीच्या मूळ वर्गात रुंदी आणि उंची वेगवेगळी ठेवावी, चौरसपणाची हमी क्यूआरच्या वर्गाने द्यावी. पुढे डेटा मॅट्रिक्सची गरज पडली की याचा उपयोग होतो. औषधांच्या वेष्टनांवर हा दुसऱ्या घराण्याचा कोड पुष्कळदा दिसतो. १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडे खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाल्यावर मेडिकल दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना अशा कोडशी गाठ पडतेच. डेटा मॅट्रिक्स १० बाय १० पासून १४४ बाय १४४ पर्यंत चौरस असतो, पण त्याचे काही आयताकृती प्रकारही आहेत. त्याला डाव्या आणि खालच्या कडेला सलग गडद रेघ असते आणि मोकळी कड एका चौकटीची पुरते. सारणीचा वर्ग दोघांना एकच चालतो. खुणा, आवृत्त्या आणि मास्क त्यात घुसडले नाहीत तरच.

बांधणी चालू असताना

कोड तयार होईपर्यंत चौकटीला दोन अवस्था पुरत नाहीत. गडद, फिकट आणि ‘अजून भरलेली नाही’ अशा तीन लागतात, कारण मजकुराचे बिट खालच्या उजव्या कोपऱ्यातून दोन-दोन स्तंभांच्या पट्टीने नागमोडी वर-खाली भरत जातात आणि राखीव जागा आली की ती ओलांडतात. झेब्रा क्रॉसिंग बांधणीसाठी वेगळी सारणी वापरते, तिच्यात रिकाम्या चौकटीला उणे एक असते. पायथनची क्यूआरकोड लायब्ररी रिकाम्या जागी ‘काहीच नाही’ ठेवते. तुम्ही कोणताही मार्ग घ्या, पण बांधणीची सारणी आणि तयार सारणी हे दोन वेगळे प्रकार असू द्या. तयार सारणी गोठवा. वापरणाऱ्याला तिच्यात बदल करता येता कामा नये.

शिवाय प्रत्येक चौकट ठरावीक खुणेची आहे की मजकुराची, हे लक्षात ठेवायला हवे, कारण मास्क फक्त मजकुराच्या चौकटींवर चढतो. मास्क आठ प्रकारचे असतात. पहिला अगदी साधा: ओळ आणि स्तंभ यांची बेरीज सम असेल तिथे चौकट उलटवायची. आठही चढवून पाहायचे, मोठे एकरंगी पट्टे किंवा खुणेसारखे भासणारे आकार आले की दंडाचे गुण मोजायचे आणि सर्वांत कमी दंडाचा मास्क ठेवायचा.

इथे लिबक्यूआरएनकोड या सी भाषेतल्या लायब्ररीची मांडणी मला फार आवडते. केंतारो फुकुची यांनी लिहिलेल्या या लायब्ररीत प्रत्येक चौकटीला एक बाइट दिला आहे. त्यातला सर्वांत खालचा बिट गडद की फिकट ते सांगतो आणि बाकीचे सात बिट ती चौकट कोणत्या कामाची आहे ते सांगतात: मजकुराची, फॉरमॅटची, आवृत्तीची, टायमिंगची, अलाइनमेंटची, फाइंडरची, की एकूणच मजकुराबाहेरची. एका बाइटात सगळी ओळख. शिकवण्यासाठी तर हे अनमोल आहे. प्रत्येक कामाला वेगळा रंग देऊन कोड काढला की वर्गातल्या मुलांना तो फळ्यावरच्या नकाशासारखा वाचता येतो.

एका चौकटीला अख्खा बाइट म्हणजे उधळपट्टी, असे कुणी म्हणेल. हिशेब करा. सर्वांत मोठ्या, १७७ बाजूच्या कोडात ३१,३२९ चौकटी असतात, म्हणजे जेमतेम ३१ हजार बाइट. आजच्या साध्या फोनला त्याचे काहीच नाही. बिट दाटून भरण्याची हुशारी छोट्या मायक्रोकंट्रोलरसाठी राखून ठेवा.

मराठी मजकूर आत बसवताना

परदेशी मार्गदर्शक जिथे दोन ओळींत आटोपतात, तिथेच आपले खरे काम सुरू होते. क्यूआर कोड मजकूर चार रीतींनी साठवतो: फक्त अंक, अंक आणि रोमन मोठी अक्षरे मिळून ४५ चिन्हे, बाइट आणि जपानी कांजी. नातेपुत्याचा पिनकोड ४१३१०९ अंकांच्या रीतीने साठवला तर तीन-तीन अंकांचे दोन गट पडतात. ४१३ चे होतात ०११००१११०१ आणि १०९ चे ०००११०११०१. सहा अंक अवघ्या २० बिटांत.

देवनागरीला मात्र बाइटच्या रीतीशिवाय गत्यंतर नाही, आणि तिथे युटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘नातेपुते’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला अक्षरे दिसतात चार. काना-मात्रा-उकार वेगळे धरून युनिकोडची चिन्हे होतात आठ. बाइट होतात २४. तुमच्या भाषेतले लांबी मोजणारे फंक्शन बहुधा आठ सांगेल आणि त्याच्या भरवशावर आवृत्ती निवडलीत तर मजकूर बसणार नाही. आधी बाइट करा, मग मोजा.

चाचणीसाठी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीमार्गावरची गावे घ्यावीत, असे मी सुचवेन. नातेपुते हे त्यातलेच एक मुक्कामाचे गाव, आणि या नावांची लांबी अशी आहे की तीन वेगवेगळ्या आवृत्त्या तपासून होतात. चूकदुरुस्तीची पातळी ‘एम’ धरली तर व्हर्जन १ मध्ये १४ बाइट मावतात, व्हर्जन २ मध्ये २६, व्हर्जन ३ मध्ये ४२. बरडचे ९ बाइट आणि फलटणचे १२ म्हणून ती दोन्ही २१ च्या चौकोनात बसतात. वाखरीचे १५ होतात, एकाच बाइटने हुकते आणि कोड २५ चा होतो. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, पंढरपूर ही सगळी २५ च्याच चौकोनात. भंडीशेगाव मात्र २७ बाइटांचे, तेही एकाच बाइटने हुकते आणि २९ च्या चौकोनात जाते. आवृत्ती निवडणाऱ्या फंक्शनला सीमेवरच्या याहून चांगल्या चाचण्या मुद्दाम शोधूनही सापडायच्या नाहीत.

बाइटची रीत आजच्या मानकाप्रमाणे युरोपीय लिपींच्या संकेताला धरून आहे. आत युटीएफ-८ आहे हे रीतसर सांगायचे तर मजकुराआधी ‘ईसीआय’ नावाची १२ बिटांची सूचना घालावी लागते, तिच्यात २६ हा आकडा लिहायचा. ती नसली तरी आजचे बहुतेक फोन अंदाजाने देवनागरी ओळखतात, पण तो अंदाजच असतो. मी ती सूचना घालण्याच्या बाजूचा आहे. फक्त तिचे १२ बिट हिशेबात धरायला विसरू नका. ‘नातेपुते’ हा शब्द सर्वांत मजबूत अशा ‘एच’ पातळीवर व्हर्जन ३ मध्ये काठोकाठ बसतो: जागा २०८ बिटांची, गरज २०४ ची. ईसीआय घातले की गरज २१६ वर जाते आणि कोड व्हर्जन ४ मध्ये, म्हणजे ३३ च्या चौकोनात सरकतो.

‘ऱ’ कडेही लक्ष असू द्या. ‘वारकऱ्यांसाठी’ या शब्दातला ऱ काही कीबोर्ड एकाच चिन्हाने लिहितात, काही ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. दिसायला काडीचा फरक नाही, पण बाइट एकदा ३९ आणि एकदा ४२. एकाच वाक्याचे दोन वेगळे कोड तयार होतात आणि कोणता बरोबर यावर वाद होतो. एन्कोड करण्याआधी मजकूर युनिकोडच्या एनएफसी या एकसारख्या रूपात आणा, म्हणजे ऱ सगळीकडे एकच चिन्ह राहील. वस्तूत मूळ मजकूर जपायचा तोही याच रूपात.

दुव्यांसाठी एक युक्ती. पत्त्याच्या सुरुवातीचा भाग आणि संकेतस्थळाचे नाव यांत रोमन लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसतो. तेवढा भाग मोठ्या अक्षरांत लिहिला की तो ४५ चिन्हांच्या रीतीत बसतो, दोन चिन्हांना ११ बिट पुरतात. नातेपुते हेच नाव रोमन मोठ्या अक्षरांत लिहिले तर सगळ्यात मजबूत पातळीवरही व्हर्जन १ मध्ये सहज मावते. पत्त्यातल्या पुढच्या भागाला मात्र हात लावू नका, तिथे लहान-मोठ्याचा भेद असू शकतो. आणि पालखीच्या दिवसांत टँकरवर किंवा आरोग्य पथकाच्या तंबूवर कोड लावायचा असेल तर दुवा देण्यापेक्षा फोन नंबर आणि चार शब्द थेट कोडात घाला. लाखभर माणसे एका गावात आली की मोबाइलचे नेटवर्क आधी बसते. कोडातला मजकूर वाचायला नेटवर्क लागत नाही.

पातळी किती ठेवायची? एल, एम, क्यू आणि एच या चार पातळ्या साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के नुकसान भरून काढतात. आषाढातला चिखल-पाऊस सोसणाऱ्या स्टिकरला क्यू ठेवा. काउंटरवरच्या काचेखालच्या कोडला एम पुरे. तेवढ्याच जागेत पातळी वाढवली की चौकटी वाढतात आणि बारीक होतात, हे विसरून सरसकट एच लावणाऱ्यांचे कोड लांबून वाचले जात नाहीत.

कागदावर उतरवताना

आता चित्र. इथला नियम एकच: एका चौकटीला पूर्ण संख्येइतकेच ठिपके. दुकानांतले थर्मल प्रिंटर बहुधा २०३ डीपीआयचे असतात, म्हणजे मिलिमीटरला आठ ठिपके. ५८ मिलिमीटरच्या कागदावर प्रत्यक्ष छपाई ४८ मिलिमीटर, म्हणजे ३८४ ठिपके. व्हर्जन २ चा कोड कडेसकट ३३ चौकटींचा. समजा दुकानदार म्हणाला दोन सेंटिमीटरचा हवा. २० मिलिमीटरचे १६० ठिपके, भागिले ३३, म्हणजे चार पूर्णांक आणि वर पाऊणहून थोडे जास्त. चित्र ताणून १६० मध्ये बसवले तर काही चौकटी चार ठिपक्यांच्या आणि काही पाच ठिपक्यांच्या होतात, कडा फरफटतात आणि फाइंडरचे १:१:३ प्रमाण बिघडते. त्यापेक्षा चार ठिपके धरून १३२ ठिपक्यांचा, साडेसोळा मिलिमीटरचा कोड छापा आणि उरलेली जागा कडेला सोडा. म्हणून लायब्ररीच्या चित्र काढणाऱ्या फंक्शनने ‘एका चौकटीला किती ठिपके’ हे विचारावे. ‘एकूण रुंदी किती’ असे विचारायचेच असेल तर खालच्या पूर्ण संख्येवर यावे आणि प्रत्यक्ष निघालेली रुंदी परत सांगावी. फ्लेक्स किंवा छापखान्यासाठी एसव्हीजी द्या, तिथे ठिपक्यांचा प्रश्नच उरत नाही.

थर्मल प्रिंटरला चित्र पाठवताना आठ ठिपक्यांचा एक बाइट होतो आणि डावीकडचा पहिला ठिपका बाइटाच्या सर्वांत वरच्या बिटात जातो. झेब्रा क्रॉसिंगच्या बिटमॅट्रिक्समध्ये उलट आहे: ३२ बिटांच्या पूर्णांकात पहिली चौकट सर्वांत खालच्या बिटात बसते. आतले बिट जसेच्या तसे प्रिंटरला दिले तर ठिपक्यांचे गट जागच्या जागी उलटे होऊन कोड विस्कटतो. आतली साठवण बाहेर उघडी करू नका. एकेक चौकट विचारून बाइट नव्याने बांधा, वेळ नगण्य लागतो.

पीएनजी फाइल देताना पार्श्वभूमी पारदर्शक ठेवू नका. फोनवर डार्क मोड चालू असेल तर पारदर्शक जागा काळी दिसते, गडद चौकटी त्यात बुडून जातात आणि मोकळी कडही नाहीशी होते.

तपासणीसाठी सारणी शून्य-एकच्या साध्या मजकुरात उतरवता आली पाहिजे. ती फाइल चाचण्यांसोबत जपा आणि लायब्ररीत बदल केला की चौकट-चौकट ताडून पाहा. दुसऱ्या लायब्ररीशी तुलना करताना मात्र आवृत्ती, पातळी, मास्क आणि ईसीआय चारही आधी सारखे ठरवा. तसे न करता दोन सारण्या वेगळ्या आल्या तर घाबरू नका. मास्क निवडताना दंड मोजण्याच्या एका नियमाचा अर्थ वेगवेगळ्या लोकांनी थोडा वेगळा लावला आहे, त्यामुळे दोन्ही कोड बरोबर असूनही दिसायला निराळे असू शकतात. शेवटी छापून, निदान दोन वेगळ्या फोनांवर आणि एका काउंटरवरच्या स्कॅनरवर वाचून पाहा. कागद थोडा चुरगाळून, मग थोडा ओला करून पुन्हा वाचा.

आणि चित्राखाली वाचता येणारा मजकूर छापायची सोय लायब्ररीतच द्या. केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ व्यासपीठासाठी पाठ्यपुस्तकांत छापलेले कोड पाहा, त्यांच्या खाली सहा अक्षर-अंकांचा एक छोटा संकेत असतो. पान फाटले, कॅमेरा बिघडला, तरी मूल तो संकेत हाताने टाइप करून धड्यापर्यंत पोचू शकते. वस्तूत मूळ मजकूर जपायला सांगितला तो यासाठीही. तुमच्या चित्र काढणाऱ्या फंक्शनला खालच्या ओळीसाठी एक ऐच्छिक रकाना ठेवा, आणि ती ओळ चार चौकटींची मोकळी कड संपल्यावरच सुरू होईल याची काळजी घ्या.